ग्रेट ब्लॅस्केट : ओस पडलेल्या बेटाचे बोलके दप्तर

आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील केरी परगण्यात डिंगल नावाचे एक चिंचोळे द्वीपकल्प अटलांटिक महासागरात दूरवर शिरलेले आहे. त्याच्या टोकावर डनक्विन हे खेडे वसले असून, तेथील कड्यावर उभे राहिले की समोर ब्लॅस्केट समूहातील सहा प्रमुख बेटे दृष्टीस पडतात. त्यांतील सर्वांत मोठे बेट म्हणजे ग्रेट ब्लॅस्केट. सुमारे पाच किलोमीटर लांबी, एक किलोमीटरच्या आतबाहेर रुंदी आणि मधोमध २९२ मीटरपर्यंत चढत गेलेला डोंगराचा कणा, असे त्याचे रूप आहे. मुख्य भूमीच्या सर्वांत जवळच्या टोकापासून हे बेट अवघे दोन किलोमीटर दूर आहे. परंतु मधली सामुद्रधुनी वेगवान प्रवाहांनी आणि पाण्याखालील खडकांनी भरलेली आहे. इंग्लंडवर चालून गेलेल्या स्पॅनिश आरमारातील ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे जहाज १५८८ साली याच सामुद्रधुनीत बुडाले. हिवाळ्यात वादळे सुरू झाली म्हणजे समोरच्या गावातील धूर दिसत असूनही तेथे पोहोचणे बेटकऱ्यांना कित्येक दिवस अशक्य होत असे.

१७ नोव्हेंबर १९५३ रोजी आयर्लंड सरकारने या बेटावर उरलेल्या बावीस रहिवाशांच्या स्थलांतरास प्रारंभ केला. त्या दिवशीही समुद्र अनुकूल नव्हता. त्यामुळे सर्वांना एकाच वेळी हलविता आले नाही. डनक्विनच्या परिसरात त्यांना घरे व थोडी जमीन देण्यात आली. बेटावरील गाव ओस पडले आणि काही वर्षांतच छपरे कोसळून नुसत्या दगडी भिंती उभ्या राहिल्या.

ओस पडलेली बेटे जगात थोडी नाहीत. स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या सेंट किल्डा या बेटावरील छत्तीस रहिवाशांनी २९ ऑगस्ट १९३० रोजी आपली भूमी कायमची सोडली. त्या बेटाविषयीही विपुल लेखन झालेले आहे. मात्र त्यातील बहुतेक लेखन धर्मोपदेशक, प्रवासी आणि वृत्तपत्रांचे बातमीदार अशा बाहेरच्यांनी केलेले आहे. ब्लॅस्केटचे वेगळेपण येथेच आहे. गाव मोडण्याच्या पंचवीस वर्षे आधीपासून तेथील कोळ्यांनी आपले जीवन आपल्याच भाषेत लिहून किंवा सांगून ठेवावयास सुरुवात केली होती. जेमतेम दीडशे वस्तीच्या या गावातून १९२८ ते १९३६ या आठ-नऊ वर्षांत तीन व्यक्तींची चार पुस्तके प्रसिद्ध झाली आणि आधुनिक आयरिश साहित्यात त्यांना मानाचे स्थान मिळाले. हे कसे घडले, त्यात काय राखले गेले आणि काय गाळले गेले, हे पाहणे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांस उपयुक्त ठरण्यासारखे आहे.

बेटावरील जीवन

बेटावर झाड नव्हते. बंदरही नव्हते, कड्याखाली होडी कशीबशी लागेल एवढीच जागा होती. दवाखाना नव्हता, चर्च नव्हते, पाद्री नव्हता. रविवारच्या प्रार्थनेसाठी होड्या वल्हवीत डनक्विनला जावे लागे आणि मृतास पुरण्यासाठीही सामुद्रधुनी ओलांडावी लागे. लाकडी सांगाड्यावर डांबर फासलेले कापड ताणून तयार केलेली ‘नेव्होग’ नावाची हलकी होडी हेच दळणवळणाचे एकमेव साधन होते. गायदेखील याच होडीतून न्यावी लागे. तिचे पाय बांधून तिला होडीच्या तळाशी आडवी निजवीत. तिने एक खूर झाडला तर कापड फाटून सर्वांनाच जलसमाधी मिळावयाची, हे होडीतील प्रत्येकास ठाऊक असे.

मॅकरेल मासा व शेवंडे, बटाटे, मेंढ्या, डोंगरावरचे ससे, क्वचित सील, असा निर्वाहाचा आधार होता. जळणासाठी डोंगरावरून पीट नावाची ज्वलनशील माती खणून गाढवांवरून आणीत. वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून घरे उतारात खोदून बसविलेली असत. जुन्या घरांची गवती छपरे इतकी बुटकी होती, की कोंबड्या त्यांवर चढून अंडी घालीत. जहाज फुटले म्हणजे किनाऱ्यास लागणारा माल ही बेटाची अनपेक्षित मिळकत असे. १९१६ साली ‘क्वेब्रा’ हे मालवाहू जहाज फुटले तेव्हा बेटावर सुबत्ता आली होती. त्याच वर्षी बेटाची लोकसंख्या १७६ होती. यापुढे ती वाढली नाही. तरुण मुले-मुली अमेरिकेस जाऊ लागली. त्यांतील बहुसंख्य मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड या शहरात स्थायिक झाली.

बेटाची भाषा आयरिश, म्हणजे गेलिक. शाळेत मात्र इंग्रजी शिकविले जात असे. यामुळे मातृभाषेत अस्खलित बोलणाऱ्या, शेकडो कथा व गीते मुखोद्गत असणाऱ्या या लोकांना तीच भाषा लिहिता-वाचता येत नव्हती. मुख्य भूमीवरील शहरांत ही भाषा मागासलेल्यांची समजली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू झाली आणि ही दृष्टी पालटली. भाषेचे शुद्ध रूप कोठे सापडेल, याचा शोध घेत विद्वान मंडळी पश्चिम किनाऱ्याकडे वळली. ज्या दुर्गमतेमुळे बेटाचे हाल झाले, तिच्यामुळेच बेटावरची भाषा टिकली होती.

विद्यार्थी म्हणून आलेले पाहुणे

नाटककार जॉन मिलिंग्टन सिंज १९०५ साली बेटावर येऊन गेले. १९०७ साली नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ कार्ल मारस्ट्रांडर तेथे आले. त्यांना भाषा शिकवावयास गावकऱ्यांनी तोमास ओ क्रिहन या पन्नाशीतील कोळ्याचे नाव सुचविले. मारस्ट्रांडर यांच्या सांगण्यावरून १९१० साली ब्रिटिश म्युझियममधील हस्तलिखित विभागाचे रॉबिन फ्लॉवर आले आणि नंतर उन्हाळ्यामागून उन्हाळा येतच राहिले. गावकऱ्यांनी त्यांच्या आडनावाचे भाषांतर करून त्यांना ‘छोटे फूल’ अशा अर्थाचे लाडके आयरिश नाव दिले. १९४६ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांची रक्षा त्यांच्या इच्छेनुसार बेटावर विखुरण्यात आली.

या पाहुण्यांच्या संबंधात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ते पाहणी करावयास आलेले अधिकारी नव्हते. ते शिकावयास आलेले होते. होडी वल्हविणारा मनुष्य गुरूच्या आसनावर आणि विद्यापीठातील पंडित शिष्याच्या जागी, असा हा उलटा व्यवहार होता. आपल्या बोलण्यात लिहून घेण्यासारखे काही आहे, ही जाणीव बेटकऱ्यांना प्रथम येथे झाली. वारसा जपण्याच्या कामी निधी, इमारती, कायदे या सर्वांच्या आधी ही जाणीव निर्माण व्हावी लागते, असे ब्लॅस्केटच्या उदाहरणावरून वाटते.

तोमास ओ क्रिहन यांचा जन्म १८५६ चा. शाळेत इंग्रजी अक्षरे शिकलेल्या या गृहस्थांनी चाळिशी उलटल्यावर आयरिश वाचावयास सुरुवात केली. वादळामुळे डनक्विनला अडकून पडावे लागे तेव्हा तेथील घरांतील मुलांकडे असलेली आयरिश पुस्तके त्यांनी पाहिली, आणि पुढे स्वतःच चिकाटीने वाचन-लेखन साध्य केले. १९१७ साली किलार्नी येथील ब्रायन ओ केली हे तरुण बेटावर आले. त्यांनी तोमासना रोजनिशी लिहिण्याचा आग्रह केला. “माझ्यासारख्या कोळ्याच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे?” ही शंका कोणाही ग्रामीण माणसाच्या मनात यावी तशी येथेही होतीच. ब्रायन यांनी त्यावर उपदेश केला नाही. त्यांनी पिएर लोती यांची आइसलँडच्या कोळ्यांवरील कादंबरी आणि मॅक्सिम गॉर्की यांचे लेखन तोमासना वाचून दाखविले. कोळी आणि मजूर यांच्या जीवनावर पुस्तके होऊ शकतात, हे पटल्यावर तोमास लिहू लागले. लिहिलेली पाने ते टपालाने ब्रायन यांच्याकडे पाठवीत.

या लेखनातून बेटावरील दैनंदिन संभाषणांचे पुस्तक १९२८ साली, आणि ‘बेटकरी’ असे ज्याचे नाव मराठीत सांगता येईल, ते आत्मचरित्र १९२९ साली प्रसिद्ध झाले. १९३४ साली फ्लॉवर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. तोमास यांना दहा मुले झाली. त्यांतील एक कड्यावरून पडून गेले, काही साथीच्या रोगांत दगावली. १९०९ साली समुद्रात बुडणाऱ्या एका पाहुण्या तरुणीस वाचविण्याच्या प्रयत्नात त्यांचा एक मुलगा बुडाला. पत्नीही त्यांच्या आधीच गेली. पुस्तकात या सर्व घटना थोड्या ओळींत येतात आणि पुढल्याच परिच्छेदात मासेमारी किंवा पीट खणण्याचे काम सुरू होते. या संयमामुळेच हे पुस्तक वाचकाच्या मनाची अधिक पकड घेते.

दुसरे लेखक मुरिस ओ सुलिवान हे वयाने बरेच लहान, १९०४ साली जन्मलेले. १९२३ साली बेटावर आलेले इंग्लिश विद्वान जॉर्ज थॉमसन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. प्राचीन ग्रीक साहित्याचे हे अभ्यासक बेटावरच्या सभा-बैठकी ऐकताना होमरच्या काव्यातील जगाशी त्यांची तुलना करीत. थॉमसन यांच्या प्रोत्साहनाने मुरिस यांनी आपल्या पहिल्या वीस वर्षांची आठवण लिहिली. १९३३ साली ती आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाली. इंग्रजी आवृत्तीस ‘अ पॅसेज टु इंडिया’ या भारतविषयक कादंबरीचे लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी प्रास्ताविक लिहिले. तोमास यांच्या लेखनात कष्टांचा भार जाणवतो, तर मुरिस यांच्या लेखनात खोड्या, शर्यती आणि समुद्रावरची मौज आहे. एकाच गावाची ही दोन चित्रे परस्परांस पूरक आहेत.

सांगणारी आणि टिपणारा

तिसरे नाव पेग सेयर्स यांचे. १८७३ साली डनक्विनजवळ जन्मलेल्या पेग विवाह होऊन बेटावर आल्या. त्यांना आयरिश लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे आत्मकथन त्यांच्या मुलाने, मिहाल यांनी, लिहून घेतले व ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. पुढे अनेक दशके हे पुस्तक आयर्लंडमधील शालेय परीक्षांसाठी नेमले गेले. याचा परिणाम काय झाला असेल, याची कल्पना कोणाही शिक्षकास करता येईल. ज्या स्त्रीच्या घरी कथा ऐकण्यासाठी रात्री गर्दी होत असे, तिचे नाव काढताच शाळकरी मुलांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. परीक्षेतील सक्तीने वारसा पुढे जातोच असे नाही.

पेग यांची खरी थोरवी त्या पुस्तकाहून अन्यत्र आहे. १९३५ साली सरकारी अनुदानातून आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. त्याचे संचालक शेमस डिलार्गी यांनी ठिकठिकाणी पूर्णवेळ संग्राहक नेमले. पश्चिम केरीचे संग्राहक शोसव ओ डॉली हे डनक्विनच्या शाळामास्तरांचे चिरंजीव. परिसरातील माणसांची, बोलीची त्यांना जन्मजात ओळख होती. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करणारे अवजड यंत्र घेऊन ते घरोघरी जात, आणि ऐकलेला मजकूर नंतर शब्दशः उतरवून काढीत. पेग यांच्याकडून त्यांनी सुमारे साडेतीनशे कथा टिपून घेतल्या. सांगणाऱ्याच्या शब्दांत फेरफार करावयाचा नाही, कोणी, कोठे, केव्हा सांगितले हे नोंदवावयाचे, आणि संग्राहकाने स्वतःची दैनंदिनीही ठेवावयाची, अशी या कामाची शिस्त होती. कथा कोणत्या परिस्थितीत सांगितली गेली, हे या दैनंदिन्यांवरूनच आज समजते.

पैशाची चणचण मात्र पदोपदी होती. मेणाची नळकांडी महाग असल्यामुळे मजकूर कागदावर उतरवून झाला, की नळकांड्याचा वरचा थर तासून ते पुन्हा वापरात आणीत. शब्द उरले, आवाज गेला. आज ध्वनिमुद्रण सहजसाध्य झाले असताना ही गोष्ट मनास चटका लावून जाते. पेग यांच्या बाबतीत रेडिओसाठी झालेली काही मुद्रणे सुदैवाने टिकून राहिली, व ती २००९ साली पुस्तकासमवेत प्रसिद्ध झाली. त्यांतून ऐकू येणाऱ्या पेग शालेय पुस्तकातील सोशिक म्हातारीहून बऱ्याच वेगळ्या, ठसकेबाज आणि विनोदी आहेत.

याच आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात शाळांच्या साहाय्याने एक मोठा उपक्रम राबविला. देशातील सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील पन्नास हजारांच्या आसपास मुलांनी आपल्या आजीआजोबांना व शेजाऱ्यांना विचारून स्थानिक कथा, औषधे, खेळ, सण, विहिरी आणि पडक्या वास्तूंची माहिती वह्यांत लिहून आणली. या लेखनाची पाने सात लाखांवर भरली. अशा प्रचंड संग्रहात पुनरुक्ती आणि चुका असणारच. पण ज्या घरांत कोणताही संशोधक कधी गेला नसता, तेथे घरातलेच मूल वही घेऊन बसले. आयोगाचा संग्रह आज डब्लिन येथील विद्यापीठात राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रह म्हणून जतन केलेला असून, २०१७ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत त्याचा समावेश झाला. मुलांच्या वह्यांची पाने संगणकाद्वारे कोणासही वाचता येतात.

संपादकाची कात्री

बेटकऱ्यांनी लिहिले, एवढ्याने सर्व काही जसेच्या तसे उतरले असे नाही. तोमास यांच्या पुस्तकाचे संपादन ‘ससाणा’ या अर्थाच्या आयरिश टोपणनावाने लिहिणाऱ्या एका नामवंत लेखकाने केले. त्यांचे परिश्रम मोठे होते आणि त्यांच्याविना पुस्तक निघालेच नसते. परंतु नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्राच्या विद्यार्थ्यांपुढे आदर्श बेटकरी उभा राहावा, या हेतूने शृंगाराचे व ग्राम्य विनोदाचे प्रसंग त्यांनी वगळले. मूळ हस्तलिखित जपून ठेवलेले असल्यामुळेच २००२ साली शॉन ओ कोइलान या अभ्यासकांना संपूर्ण पाठ प्रसिद्ध करता आला. त्र्याहत्तर वर्षांनी तोमास प्रथमच पूर्ण स्वरूपात वाचकांपुढे आले. संपादित प्रत छापून झाल्यावर मूळ कागद टाकून देण्याची सवय असलेल्या कार्यालयांनी ही घटना ध्यानात ठेवावी, हे बरे.

आणखी एक विसंगती उघड आहे. बेटाची पुस्तके शासनाने शाळांत नेमली. मात्र त्या पुस्तकांतील माणसांना सुरक्षित धक्का किंवा भरवशाची वैद्यकीय मदत मिळाली नाही. १९४१ साली पुरेशी मुले नसल्यामुळे बेटावरील शाळा बंद झाली. १९४६ च्या नाताळाच्या सुमारास चोवीस वर्षांचा एक तरुण मेंदूज्वराने आजारी पडला. वादळामुळे डॉक्टर येऊ शकला नाही, पाद्री येऊ शकला नाही, बिनतारी दूरध्वनी बंद पडलेला. जानेवारी १९४७ मध्ये तो तरुण मरण पावला. या मृत्यूने बेटाचा धीर खचला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पुन्हा वादळात अडकलेल्या बेटकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली. अन्न संपले आहे, ते पाठवावे, एवढाच त्या तारेचा आशय होता. स्वतः आयरिश भाषेचे कैवारी असलेले डी व्हॅलेरा त्या उन्हाळ्यात बेटावर जाऊन आले. उपाय म्हणून जे झाले, ते सहा वर्षांनंतरचे स्थलांतर होय. बेटकऱ्यांपैकी बहुतेकांनी ते स्वतःच मागितले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. दूरच्या वाचकास बेट रमणीय वाटत होते. तेथे राहणाऱ्या म्हाताऱ्यांना वल्ही मारण्यास तरुण हात उरले नव्हते.

वारसदार कोण?

गाव मोडल्यावरही जमीन होतीच, आणि तिला मालक होते. १९७० नंतर बेटावरील बऱ्याच जमिनीचे हक्क जुन्या कुटुंबांकडून विकत घेतले जाऊन खासगी मालकीत गेले. १९८० च्या दशकात अमेरिकेतील एका दैनिकात बेट विक्रीस असल्याची जाहिरात झळकली, तेव्हा आयर्लंडमध्ये खळबळ उडाली. जुने बेटकरी, त्यांचे वंशज आणि भाषाप्रेमी यांनी एकत्र येऊन एक प्रतिष्ठान स्थापन केले. चार्ल्स हॉही पंतप्रधान असताना १९८९ साली ग्रेट ब्लॅस्केटला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान ठरविणारा कायदा संमत झाला. हॉही स्वतः याच समूहातील एका बेटाचे मालक होते, हे वाचकांना कौतुकाचे वाटेल.

या कायद्याने जमीन सक्तीने संपादन करण्याचा अधिकार शासनास दिला. पण १९५३ पूर्वी बेटावर राहिलेल्या व्यक्ती व त्यांचे वंशज यांच्या जमिनींना त्यातून सूट दिली. हेतू सहज समजण्यासारखा होता. ज्यांच्या पूर्वजांचा वारसा जपावयाचा, त्यांचीच जमीन हिरावून घेणे विपरीत झाले असते. ज्यांनी नंतर जमीन खरेदी केली होती, ते न्यायालयात गेले. वंशावरून नागरिकांत असा भेद करणे घटनेतील समतेच्या तत्त्वास धरून नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाने १९९८ साली दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. कायदा रद्दबातल झाला. त्यानंतर वाटाघाटींचा लांबचा मार्ग पत्करावा लागला आणि २००९ साली गावठाणासह बेटाचा बहुतेक भाग शासनाच्या ताब्यात आला. वीस वर्षे गेली, भिंती तेवढ्या आणखी ढासळल्या. परंतु जे झाले ते संमतीने झाले.

न्यायालयाचा निर्णय कायद्याच्या दृष्टीने योग्य मानला, तरी मूळ प्रश्न उरतोच. जमिनीचा मालक एक असू शकतो आणि तेथील आठवणींचा वारस दुसराच. स्प्रिंगफील्डमध्ये आयुष्य घालविलेल्या बेटकऱ्यांचा बेटावरील एका वाफ्यावरही हक्क नसेल. पण कोणत्या खडकावर कोण घसरले, कोणत्या घळीत कोणाची मेंढी पडली, हे त्यांनाच ठाऊक होते. बेटावर अशी शेकडो स्थलनामे होती. नाव ठाऊक असलेला शेवटचा माणूस गेला, की घळ राहते आणि प्रसंग पुसला जातो. तोमास यांनी म्हणूनच आयुष्याच्या उत्तरकाळात बेटावरील नावांची माहिती परिश्रमपूर्वक नोंदवून दिली. याच पिढीचे अखेरचे प्रतिनिधी माइक कार्नी यांनी अमेरिकेत राहून बेटाच्या जतनासाठी अनेक वर्षे खटपट केली, आणि नव्वदी उलटल्यावर २०१३ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. १९४७ साली वादळात मरण पावलेला तो तरुण त्यांचाच धाकटा भाऊ होता.

भाषेच्या बाबतीतही असाच झगडा झाला. बेटकरी ज्या डनक्विनमध्ये येऊन राहिले, तेथील शाळा १९७० साली पटसंख्येच्या कारणावरून बंद करण्यात आली. लहान शाळा एकत्र करण्याचे ते धोरण हिशेबाच्या दृष्टीने सयुक्तिक असेल. गावकऱ्यांनी ते मानले नाही. त्यांनी स्वतःच्या बळावर शाळा चालू ठेवली, आंदोलन केले, आणि सरकार बदलल्यावर १९७३ साली ती पुन्हा सुरू करवून घेतली. पुस्तकांतील भाषा मुलांच्या तोंडी राहावी, यासाठी झालेला हा लढा पुस्तके छापण्याइतकाच महत्त्वाचा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आजचे ब्लॅस्केट

१९९३ साली डनक्विन येथे शासनाने ब्लॅस्केट केंद्र उघडले. हस्तलिखितांच्या प्रती, छायाचित्रे, होड्या, अवजारे व बेटकऱ्यांचे आवाज तेथे अभ्यासकांना उपलब्ध आहेत. बेटावरील तोमास यांचे घर, जे त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले होते, ते दुरुस्त करून २०१८ साली पाहुण्यांसाठी खुले झाले. इतर बहुतेक घरे मुद्दाम पुन्हा बांधलेली नाहीत. भिंती आणखी ढासळू नयेत एवढीच काळजी घेतली जाते. सर्व घरे नवी करून गाव पुन्हा उभे केले असते, तर प्रवाशांची सोय झाली असती खरी; परंतु ज्या गावात कोणी राहत नाही, ते गजबजलेले दाखविण्यात खोटेपणा आला असता.

उन्हाळ्यात होड्या प्रवाशांना घेऊन जातात. पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर, जेथे मुले खेळत आणि तरुण चेंडूचे सामने भरवीत, तेथे आता सील मोठ्या संख्येने पहुडलेले असतात. हंगामापुरती चहापाण्याची व राहण्याची व्यवस्था पाहण्यासाठी दोन व्यक्ती नेमण्यात येतात. या जागेची जाहिरात २०२० साली देण्यात आली तेव्हा जगभरातून हजारो अर्ज आले. बेटावर वीज नाही, हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलेले होते. त्यामुळेच अर्ज अधिक आले असावेत.

केंद्राच्या इमारतीची रचना एका लांब दालनासारखी आहे. दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून पुस्तके, कथा, होड्या आणि स्प्रिंगफील्डला गेलेल्यांची माहिती पाहत मनुष्य पुढे जातो, आणि दालनाच्या अखेरीस एक मोठी काच लागते. त्या काचेपलीकडे, हवा स्वच्छ असेल तर, बेट दिसते.